कोरं तेल

"आधी वरचा बोल्ट, मग खालचा," बाबा पिकअपखाली सरकताना पुटपुटले आणि लेकीच्या जिवात जीव आला.

पैज तिनेच लावली होती. दादाचं म्हणणं, बाबा हल्ली विसरतात, नातवंडांची नावं चुकतात. उद्या कुणाचे ब्रेक चुकले म्हणजे? गॅरेज बंद करू. ती हट्टाला पेटली होती. "डोकं विसरत असेल, हात नाही विसरत. माझ्या गाडीच्या डिफरन्शियलचं तेल त्यांना बदलू दे. जमलं तर गॅरेजची किल्ली त्यांच्याकडेच राहील. नाही जमलं, तर मी स्वतः काढून घेईन."

दादा हाताची घडी घालून स्टुलावर बसला होता. गाडीतलं त्याला एवढंच कळायचं, की पेट्रोल संपलं की ती थांबते.

गाडी चारही चाकांनी ओढणारी, म्हणून डिफरन्शियल, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या गिअरांच्या तेलाच्या पेट्या, दोन: एक पुढच्या चाकांच्या मध्ये, एक मागच्या. पुढचं काम बाबांनी असं उरकलं की बघत राहावं. वरचा बोल्ट आधी सैल केला. तोच अडकून बसला तर नवं तेल भरणार कुठून? मग खालचा काढून काळं तेल घमेल्यात सोडलं. बोल्टच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस चिंधीने पुसला, बोल्ट परत बसवून आवळला आणि पिचकारीने वरून नवं तेल भरलं.

"पोटभर घाल, पण ढेकर येईपर्यंतच," वरच्या भोकातून तेल ओघळताच तिथला बोल्ट आवळत ते म्हणाले. दादाही हसला.

बाबा मागच्या चाकांकडे सरकले. तेवढ्यात दादाचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत दाराबाहेर गेला.

मागचंही काळं तेल गळून गेलं. बाबांनी खालचा बोल्ट पुसला, उजेडात धरून न्याहाळला आणि शर्टाच्या खिशात टाकला. भरलेलं घमेलं बाजूला सारून रिकामं खाली ठेवलं. आणि पिचकारी उचलली.

"बाबा" म्हणायला तिने तोंड उघडलं, पण सांगितलं तर पैज कसली? आठवेल त्यांना, आत्ता आठवेल.

नवं तेल वरून आत गेलं आणि खालच्या उघड्या भोकातून संथ धारेने घमेल्यात उतरू लागलं. बाबा पिचकारी मारत राहिले, डबा संपेपर्यंत. धार थांबल्यावर दादा परत येऊन तिच्या शेजारी उकिडवा बसला.

बाबांनी घमेल्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. त्यांचा चेहरा उजळला.

"अगं वेडाबाई, हे तर कोरं आहे! बदलायची गरजच नव्हती. कुणी सांगितलं तुला?"

"नुसत्या बोटाने ओळखलं!" दादा हसत होता, पण त्याचे डोळे भरून आले होते. "हरलो बाई मी. राहू दे किल्ली त्यांच्याकडे."

तिला इतकं रडू येत होतं की श्वास घ्यायचीही भीती वाटली.

"चुकलंच माझं, बाबा," ती म्हणाली. वाकून तिने त्यांच्या खिशातला बोल्ट काढून घेतला. मग उठली आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेली गॅरेजची किल्ली काढून मुठीत धरली.

दादा अजून हसतच होता.