तेलाचा डाग

दलालाने विक्रीसाठी घराचे फोटो मागितले, आणि ह्यांनी पाठवलं काय, तर भिंतीवरचा तेलाचा डाग!

"अहो, लोक खोल्या बघतात. डाग कोण बघतं?" मी वैतागले.

"वीस वर्षं अण्णा तिथेच टेकून पेपर वाचायचे. घरातली सगळ्यात चांगली जागा आहे ती."

अण्णा म्हणजे माझे सासरे. डोक्याला खोबरेल चोपडून बसायचे. ते गेले, डाग राहिला. आता तीन जिने आमच्या गुडघ्यांना झेपत नव्हते, म्हणून घर विकायचं. त्यात हा फोटो बघून येणार कोण?

पण रविवारी एक जोडपं येणार असा निरोप आला. शनिवारी हे बाजारात गेल्याबरोबर मी रंगाचा डबा आणून ती भिंत रंगवून टाकली. परत आल्यावर हे भिंत बघून तसेच आत गेले. जेवलेही नाहीत नीट.

रविवारी त्या जोडप्यातली मुलगी मोबाइल पुढे धरूनच आत आली. "काकू, ही जागा कुठाय? एवढी घरं पाहिली, पण माणसं राहिल्यासारखं एवढं एकच दिसलं."

मी ओशाळून कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवलं. ती तिथेच खाली बसली, डोकं टेकलं, खिडकीतलं ऊन अंगावर घेतलं आणि खुदकन हसली.

"जाऊ दे हो, काकू. आमचे सासरे रोज वाटीभर तेल थापतात. दिवाळीपर्यंत पडतो बघा डाग!"

हे इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं.

"पडला की फोटो पाठव हं, पोरी."