नात्यातले नकोत

मधुमेहामागची जनुकं आकडेमोडीनं शोधायला संयोगितानं कोरेगावात रक्ताचे नमुने घेतले. अट एकच होती, नात्यातले दोघं नकोत, नाहीतर गणित चुकतं. सयाजीनाना ठासून म्हणाले होते, “गावात माजं कुनी न्हाई.”

निकाल आल्यावर तिनं नानांना गाठलं. “नाना, शेजारच्या मळ्यातले हणमंतराव तुमचे सख्खे भाऊ निघाले!”

“त्यानं बांध कोरला तवाच नातं संपलं. तुज्या कॉम्प्युटरला काय कळतंय?”

“त्याला रक्त तेवढं कळतं. आता दोघांपैकी एकाचा नमुना काढून टाकावा लागेल.”



“मग माजा काढ. साखर त्याचीच जास्त हाय. येडं चोरून जिलबी खातंय, मी रोज बांधावरनं बघतोय.”