फुंकून नापास

दावा मंजूर झाला तर राजाराम साळवींचा फायदा सरळ होता. औषधपाणी कंपनीच्या विम्यातून, वर भत्ता, आणि अमेरिकेत एडिसनजवळच्या मसाल्याच्या कारखान्यात पुन्हा मिरची दळायला उभं राहायचं नाही. मिरचीनेच त्यांना दमा दिला होता. आता तो फक्त सिद्ध व्हायचा होता, आणि त्यासाठी विमा कंपनीने त्यांना आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं.

डॉक्टर निघाली आसावरी, मूळची नागपूरची. क्लिनिक नवं होतं, भाडं मात्र मुरलेल्या डॉक्टरांना परवडेल असं. निम्मे पेशंट हीच विमा कंपनी पाठवायची. कंपनीला कसले रिपोर्ट आवडतात, हे आसावरीला कुणी सांगायची गरज नव्हती.

राजारामांनी श्वास मोजायच्या नळीत फुंकलं. जोरात, एका दमात. पडद्यावरचा आलेख एखाद्या तरण्या पोराचा शोभावा असा आला.

"पास ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम नॉर्मल, काका." आसावरी आलेखाकडे बघतच राहिली. "सकाळी दम्याचा पंप घेतलात का?"

"घेतला ना, दोनदा! आमच्या सौ. शोभाने निघताना हातावर दही-साखरसुद्धा ठेवली."

"अहो, पंप घेऊन यायचं नाही, असं लिहून पाठवलं होतं."

"वाचलं की. पण तयारी न करता परीक्षेला कोण जातं? आयुष्यात कधी नापास झालो नाही मी."

या रिपोर्टवर सही केली असती तर दावा फेटाळला गेला असता, आणि खोटं बोलल्यासारखंही झालं नसतं. आलेख खराच होता. आसावरीने पेन उचललं, आणि टोपण लावून खाली ठेवलं.

"सोमवारी परत या, काका. पंप न घेता. दही चालेल."

सोमवारी राजाराम अर्ध्या फुंकरीतच खोकत खाली बसले. आसावरीने त्यांना पाणी दिलं, पंप दिला. मग पंपासकटचा आणि पंपाशिवायचा, दोन्ही आलेख रिपोर्टला जोडले, आणि कारण लिहिलं: मिरचीची पूड.

दावा मंजूर झाला. मंडळाच्या गणपतीत राजाराम भेटेल त्याला सांगत होते, "आपली मराठी मुलगी म्हणून बिनधास्त गेलो, तर हिने पुन्हा बोलावून नापास केलं हो!"

प्रसादाच्या रांगेत मागेच उभी असलेली आसावरी हसली. विमा कंपनीने राजारामांचं देणं चुकतं केलं होतं, आणि त्यानंतर तिच्याकडे एकही पेशंट धाडला नव्हता.