हरेशची दहा मिनिटं

“हरेशभाई, आता तुमचंच बोलतोय,” खालिदची बायको रिझवाना म्हणाली आणि तिनं टेपरेकॉर्डरचा आवाज वाढवला.

सौदीतल्या दम्मामहून खालिदची कॅसेट आली की रोह्याच्या एस.टी. स्टँडवरचा हरेशचा पेपरस्टॉल भरदुपारी बंद व्हायचा. खालिदला पत्राचा कंटाळा. तो कॅसेटमध्ये बोलून पाठवी, घरचे बोलून उलट पाठवीत. आई आणि बायकोचं झालं की शेवटची दहा मिनिटं हरेशची. कुठला पिक्चर चालला, कुठला आपटला, सेन्सॉरनं कशाला कात्री लावली, सगळं तो त्यात ओतायचा. दम्मामला टॉकीज नाही, मग मित्राला उपाशी ठेवायचं का, असं त्याचं म्हणणं. लग्नकार्य केलं नव्हतं, घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे महिनाभराचं बोलणं त्या दहा मिनिटांसाठीच साठवलेलं असे.

मागच्या खेपेला तर हरेशनं घबाडच पाठवलं होतं. दोघं नववीत असताना जो ‘फक्त प्रौढांसाठी’ होता, तो पिक्चर कापून-छाटून ‘सर्वांसाठी’ होऊन परत आला होता. नव्या पिक्चरची प्रिंट वेळेवर आली नाही म्हणून टॉकीजवाल्यानं तीन दिवसांपुरता लावला, तर बायका पोराबाळांना घेऊन कोलाडवरून टेंपो भरून यायला लागल्या. तिकडं पेणला मोठ्या हिरोचा नवाकोरा पिक्चर सोमवारी उतरवला, आणि इथं हा म्हातारा हटेना. शुक्रवारचा पहिला खेळ आयुष्यात न चुकवलेला हरेश मात्र या पिक्चरला अजून गेला नव्हता. त्यानं कॅसेटमध्ये सांगितलं होतं, सुट्टी काढ, आपण जोडीनं बघू, तू येईस्तोवर मी काय आत पाय ठेवत नाय. त्यानंतर दर गुरुवारी तो टॉकीजसमोर जाऊन पोस्टर बदललं का ते बघून यायचा. पाच आठवडे पोस्टर टिकलं होतं.

“हरेशला सांगा, यंदा सुट्टी नाय,” टेपमधून खालिद म्हणाला. “आणि तो कुठला पिक्चर म्हणत होता, तो आम्ही रूमवर व्हिडिओला लावला. न कापलेला. मी तर अर्ध्यात झोपलो. एवढं काय हाय त्यात?”

मग तो फ्रीजच्या किमतीवर गेला. हरेश हसला, म्हणाला, झोपाळूच आहे तो, शाळेतही बाकावर मान टाकायचा. पण त्याला फार लागलं. पिक्चर आधी बघितला, त्याचं एवढं नाही. ‘कुठला पिक्चर’ असं खालिदनं म्हणावं, ते लागलं.

दम्मामलाच नोकरीला असलेला, सुट्टीवर आलेला इकबाल संध्याकाळी मुंबईला निघणार होता, तिथून दम्मामला. उत्तराची कॅसेट त्याच्याबरोबर द्यायची होती. खालिदच्या आईचं, शरीफाचाचीचं, आणि रिझवानाचं बोलून झालं होतं. रिझवानानं कॅसेट लावून लाल बटण दाबलं आणि टेपरेकॉर्डर हरेशपुढं सरकवला.

“पाचवा आठवडा झाला,” हरेश म्हणाला. “उद्या शेवटचा दिवस. शुक्रवारी नवीन लागतोय.”

पुढं काही सुचेना. कॅसेट फिरत राहिली. रिझवाना बटणाकडं हात न्यायला लागली, तर लसूण सोलत बसलेल्या शरीफाचाचीनं मानेनंच तिला नको म्हटलं.

“हा तोच ना रे, मोठ्या माणसांचा? त्याच्यापायी मी खालिदला लाटण्यानं बडवला होता. कोणीतरी येऊन सांगितलं, तुझा पोरगा टॉकीजमधून निघताना बघितला.”

“निघताना बघितला, चाची. पण त्यानं बघितलाच नव्हता.”

“म्हणजे?”

खालिदला नववीतच मिशी फुटली होती, हरेशनं सांगितलं. दारावरच्या मोरूनं त्याला आत सोडलं आणि हरेशला दंडाला धरून बाहेर काढलं. पडद्यावर नावांची पाटी पडायच्या आधीच खालिदही उठून बाहेर आला. तिकीट फुकट गेलं. मग दोघं नदीवर जाऊन बसले, आणि मोठे झाल्यावर जोडीनंच बघायचा असं ठरलं.

चाचीच्या हातातली पाकळी तशीच राहिली. “मग मार खाताना बोलला का नाय?”

“तुझं नाव आलं असतं ना,” असं तिनंच मग स्वतःला सांगितल्यासारखं म्हटलं आणि हरेशकडं बघितलं. “माझ्या घरात बंद झालं असतं तुझं येणं.”

हरेश खाली मान घालून बसला. त्याला रडू येत होतं आणि चौतिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या घरात रडायचं कसं, ते कळत नव्हतं.

“आता सगळ्यांसाठी केलाय म्हणतोस ना?”

“व्हय.”

“म्हातारीला सोडतील?”

“सोडतील की.”

चाचीनं मांडीवरची सालं झटकली. “रिझवाना, माझा बुरखा दे गो. तीनचा खेळ गाठायचा हाय. मारलं कशापायी ते तरी बघून येते.”

रिझवानानं बुरखा आणून दिला. चाची गुडघ्यावर हात टेकून उठली, तशीच टेपरेकॉर्डरवर वाकली.

“खालिद, तू झोप,” ती म्हणाली. “आम्ही दोघं बघून येतो.”

पुढं त्या कॅसेटमध्ये चपलांचा आवाज आहे, मग दाराचा, आणि उरलेली सात मिनिटं काहीच नाही.