उजवीकडची खिंड

"डावीकडे का वळलास?" ओलिंकाने विचारलं.

"उजवीकडच्या खिंडीत वारा वाईट आहे," झाकर म्हणाला आणि त्याने विमानातला रेडिओ बंद केला. "नुसती खरखर. डोकं उठतं."

खाली झुडपं लाल झाली होती. सप्टेंबरचा दुसरा आठवडा. नऊ वर्षांपूर्वी याच आठवड्यात ओलिंकाचा नवरा इव्हॉन टपालाच्या पिशव्या घेऊन डोंगरापलीकडच्या गावाला उडाला आणि पोचलाच नाही. विमान सापडलं नाही, इव्हॉनही नाही. झाकर त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. तेव्हापासून दरवर्षी, गावातल्या बायकांचं बेरी वेचणं आटोपलं की तो ओलिंकाला आपल्या विमानात बसवायचा आणि दोघं इव्हॉनला शोधत दिवसभर डोंगरांवरून घिरट्या घालायची. मित्र असावा तर असा, असं कुस्कोक्विम नदीच्या काठावर सगळेच म्हणत. कुणी तसं म्हटलं की झाकर उठून बाहेर जायचा.

"केवढं खडखडतंय हे! माझं कपडे धुवायचं यंत्र याहून बरं."

"तुझं यंत्र उडत नाही."

"हे तरी कुठे धड उडतंय?"

तो हसला. पहिली काही वर्षं ती डोळ्यांना दुर्बीण लावून बसायची. आताशा दुर्बीण पिशवीतच राहायची. "मान दुखते रे," म्हणायची, आणि मधूनमधून झाकरकडेच बघत राहायची.

दुपारी धुकं आलं. आधी मागची नदी दिसेनाशी झाली, मग पुढची खिंड. पंखांच्या कडांवर पांढरा बर्फ धरू लागला. विमान जड झालं.

"उजवीकडे उघडं आहे," ओलिंका म्हणाली. "तिथे तळंही आहे."

झाकर न ऐकल्यासारखं करून सरळ ढगात घुसला. काचेपलीकडे सगळं पांढरं झालं. इंजिन एकदा खोकलं, पुन्हा खोकलं. उंचीचा काटा खाली येत होता आणि समोर कुठेतरी कडा होता.

"झाकर! मरायचंय का तुला?"

तेव्हा कुठे त्याने विमान उजवीकडे घातलं.

तळं आरशासारखं पडलं होतं. वाऱ्याची एक सुरकुती नाही. अशा पाण्यावर उतरणं सगळ्यात वाईट. पाणी किती खाली आहे ते डोळ्यांना कळत नाही. झाकरने विमानाचं नाक किंचित वर धरलं आणि इंच इंच खाली येत राहिला. बऱ्याच वेळाने विमानाखालचे तरंगते फ्लोट पाण्याला टेकले. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

ओलिंकाने उतरून दोर झाडाला बांधला. सुकवलेला सामन मासा काढला, थर्मासमधला चहा ओतला. झाकर फ्लोटवरच बसून राहिला, झाडांकडे पाठ करून.

"काठावर ये की. पाय मोकळे कर."

"दलदल आहे."

दोन तासांत तळ्याच्या तोंडाशी धुकं विरळ झालं. पंखांवरचा बर्फ कधीच वितळला होता.

"उघडलं बघ," ती म्हणाली. "निघूया?"

तिने सामान आवरलं, दोर सोडला, आत येऊन बसली. झाकरने इंजिन सुरू केलं. विमान काठापासून हललं. आणखी दोन मिनिटांत ते हवेत असतं. त्याने इंजिन बंद केलं. विमान पाण्यावर हळूहळू गोल फिरत राहिलं.

"ओलिंका," तो म्हणाला, "इव्हॉन इथे आहे."

तिने काठावरच्या झाडांकडे नजर वळवली.

"दुसऱ्या उन्हाळ्यात मला सापडला. एकटाच आलो होतो. विमान झाडांत घुसलं होतं, पाय मोडला होता त्याचा. पण तो लगेच गेला नव्हता, ओलिंका. विमानाच्या दाराला आतून खिळ्याने रेघा मारल्या होत्या, रोजची एक. तेवीस. तो हरवल्याच्या सातव्या दिवशी शोधपथकाच्या साहेबांनी मला विचारलं, उजवीकडची खिंड बघायची का? मीच म्हणालो, तो तिकडे कधीच जात नाही, उत्तरेला चला. मी ठासून सांगितलं. हातात बोलायचा छोटा रेडिओ होता त्याच्या. रोज सकाळी हाका मारत असणार. इथून जाताना अजून ऐकू येतात मला. मी त्याला दगडांखाली ठेवला, विमान फांद्यांनी झाकलं, आणि घरी येऊन तुझ्याकडे जेवलो."

ओलिंकाने कमरेचा पट्टा सोडला.

"काठाला घे," ओलिंका म्हणाली.

ती पुढे चालू लागली. दलदलीला वळसा घालून, झुडपं बाजूला सारत, भराभर. झाकर मान खाली घालून मागोमाग चालला होता. चढ लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की वाट आपण दाखवत नाही आहोत.

दगडांच्या ढिगाशी तीन आडव्या पट्ट्यांचा पांढरा क्रूस उभा होता. त्याच्यावर इव्हॉनचं नाव होतं. रंगाचे पोपडे सुटले होते.

"भाऊ आणि मी मूस हरणाच्या शिकारीला आलो होतो. पाच वर्षं झाली," ओलिंका म्हणाली. "दगड उचलले तर त्याच्याभोवती थंडीत तुझ्या इंजिनावर घालायची गोधडी. मीच शिवलेली. तशीच राहू दिली."

झाकरने क्रूसला हात लावला. "मग... पाच वर्षं... माझ्याबरोबर कशाला शोधत होतीस?"

"तू कधी सांगतोस, याची वाट बघत होते."