मागची गाडी

खड्डा चुकवायला शर्वरीने मागे न बघताच सायकल उजवीकडे घेतली आणि दिगंबरने दोन्ही ब्रेक करकचून दाबले.

लेक आज पहिल्यांदाच एकटी सायकलवरून शाळेला निघाली होती. "माझ्यासाठी रोज पेट्रोल जाळायचं नाही, बाबा," असा तिने महिनाभर हट्ट धरला, तेव्हा कुठे त्याने होकार दिला. वर बजावलं, "कान मागे ठेव. गाडीचा आवाज आला की कडेला हो." पण तिने सायकल बाहेर काढली आणि त्याला राहवेना. त्याच्या स्कूटरचा फटफटाट ती गल्लीच्या तोंडाशीच ओळखायची. म्हणून त्याने शेजारच्या पाटणकरांची बॅटरीवरची गाडी मागून घेतली, त्यांचंच जर्किन आणि हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या त्या रस्त्यावर तिच्या अगदी पाठीशी राहिला.

त्या गाडीला आवाजच नव्हता.

पुढचं चाक तिच्या मडगार्डला टेकून थांबलं. सायकल डगमगली. शर्वरीने पाय टेकवला आणि वळून पाहिलं.

"काका, हॉर्न तरी वाजवा ना!" ती ओरडली. "हे बाबांना कळलं ना, तर मला पुन्हा एकटीला सोडणार नाहीत."

काच वर करायला निघालेला त्याचा हात तिथेच थांबला. त्याने नुसती मान हलवली.

तिने डोळे पुसले, मागे नीट बघून हात दाखवला आणि पॅडल मारलं. ती वळणाआड जाईपर्यंत दिगंबर जागचा हलला नाही. मग त्याने गाडी घराकडे वळवली.