फिका फोटो

"हा पण फिका!" अब्दुस्समदनं तिसरा फोटो काउंटरवर आपटला. "नाक कुठाय, डोळे कुठायत पोरीचे? नुसता पिठाचा गोळा."

महेरुन्निसानं कपाळावर हात मारला. श्रीवर्धनच्या या दुकानात येऊन दीड तास झाला होता. दुकानवाल्या कल्पितानं तीन प्रिंटर जोडून दाखवले होते आणि तिन्हींवर दुआचाच फोटो काढला होता. सात वर्षांची लेक, ईदचा हिरवा फ्रॉक, पुढचे दोन दात गायब. महेरुन्निसाला तिन्ही फोटो झकास वाटत होते. पण नवऱ्यापुढे कोण बोलणार? तीन वर्षांनी घरी आलेला माणूस, त्यात रविवारी परतीचं विमान. जाताना लेकीचा एक चांगला फोटो न्यायचा, एवढाच त्याचा हट्ट.

मस्कतच्या त्याच्या गोदामात कामावर मोबाइल चालत नसे. खिशात ठेवायला त्याला कागदावरचाच फोटो लागायचा. दिवेआगरातून कुणीही तिकडे निघालं, की सुक्या जवळ्याच्या पुडक्यासोबत महेरुन्निसा घरच्या प्रिंटरवर काढलेला दुआचा नवा फोटो पाठवून द्यायची. गेल्या वर्षापासून मात्र त्याची एकच रड. फोटो फिका आलाय. तिनं शाई बदलली, महागाचा कागद आणला. मग फोटो वहीच्या पानाएवढा मोठा काढला. तरी मेला फिकाच! खाऱ्या हवेनं मशीनची वाट लावली, असं तिनं ठरवूनच टाकलं, आणि परवा तो प्रिंटर भंगारवाल्याला देऊन मोकळी झाली.

कल्पिताही आता कंटाळली होती. चौथ्या मशीनच्या खोक्यात कंपनीचा एक नमुना फोटो होता. तोच तिनं त्याच्यापुढे सरकवला. "याचे रंग बघा, भाई."

अब्दुस्समदनं तो उचलला. जवळ आणला, लांब नेला, दाराच्या उजेडात धरला. मग त्याचा चेहरा एकदम खुलला.

"हां! बघ, महेरून, याला म्हणतात फोटो. कशी हसतेय आपली दुआ!"

कल्पिता बघतच राहिली. फोटोत लाल टोपी घातलेला कुणी गोरा मुलगा होता. आणि तो हसतही नव्हता, आइस्क्रीम खात होता.

महेरुन्निसानंही वाकून तो फोटो पाहिला. चार दिवस झाले होते त्याला येऊन. काल दुआनं आपण काढलेलं चित्र त्याच्या नाकासमोर धरलं, तर त्यानं ते न बघताच बाजूला ठेवलं होतं. पोर रुसून बसली. अब्बाला आता आपलं कौतुक राहिलं नाही, असं महेरुन्निसालाही वाटलं होतं आणि ती त्याच्याशी भांडली होती. कुठं फेडू हे पाप, या अल्ला!

तिनं कल्पिताकडे बघून हळूच हात जोडले.

"व्हय," ती म्हणाली. "यात छान आलीय. हाच घेऊ."

कल्पितानं मुकाट्यानं मशीन बांधून दिलं. त्या बाईचं भलं होवो, एक अक्षर बोलली नाही.

एसटी स्टँडवर दोघं बाकावर बसली. खोकं त्याच्या मांडीवर होतं. महेरुन्निसानं ओढणी तोंडात कोंबली, तरी हुंदका फुटलाच.

"तो फोटो दुआचा न्हवता, व्हय ना?" त्यानं विचारलं.

त्यानं चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"तिकडच्या डॉक्टरनं गेल्या वर्षीच सांगितलं, डोळे चाललेत. मी त्यालाच झापलं. म्हटलं, माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? आमच्या घरचा प्रिंटर खराब हाय."